चालत्या गाडीत ड्रायव्हरशी बोलू नये

मित्रांनो, मी एक जुनी सायकल आहे. आता तुम्ही लगेच माझी चाकं शोधायला लागाल. शोधू नका, मला चाकं नाहीत. पोटात एक जड तबकडी आहे, पेडल मारलं की ती फिरते, पण ती जमिनीला टेकत नाही. त्यामुळे मी स्वतःच्या जोरावर आजवर वीतभरही पुढे गेलेले नाही. जो काही प्रवास झाला तो टेम्पोतून, तोही आडवी पडून. मला व्यायामाची सायकल म्हणतात.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. माझा स्वभाव भारी चौकस आहे. जागेवरून हलता आलं नाही की दुसरं करणार काय? कोण आलं, कशाला आलं, जाताना तोंड का पाडून गेलं, हे सगळं मला हवं असतं. तुमच्यापैकी कोणाला ही खोड असेल तर घरी बोलणी बसत असतील. मला बोलणारं कोणी नव्हतं, म्हणून माझी खोड वाढतच गेली.

माझा जन्म कारखान्यातला. तिथे सगळ्यात शेवटी एक बाई बसायच्या. नव्या सायकलचं पेडल हाताने गरागरा फिरवायचं, डोळे मिटायचे आणि आवाज ऐकायचा, हे त्यांचं काम. जरा खरखर आली की सायकल परत. माझी पाळी आली तेव्हा त्यांनी डोळे मिटले, उघडले, आणि पुन्हा पेडल फिरवलं. माझा जीव टांगणीला लागला. मग त्या शेजारणीला म्हणाल्या, "ही गुणगुणते बघ कशी," आणि त्यांनी मला पुढे ढकललं. ते माझं पहिलं कौतुक. ते ऐकून मी फुलून गेले खरी, पण मला एक प्रश्न पडला तो पडलाच. पेडल मारलं की माणूस कुठेतरी पोचतो म्हणे. मग माझ्यावर बसणारा कुठे पोचणार?

त्या प्रश्नासकट मी एका दुकानात आले. घरी ठेवून व्यायाम करता येईल अशी यंत्रं विकणारं ते दुकान. माझ्या डावीकडे ट्रेडमिल होती. तिचा पट्टा मागे पळतो आणि त्यावरचा माणूस जागच्या जागी चालत राहतो. उजवीकडे क्रॉस ट्रेनर होता, त्यावर उभं राहून हात आणि पाय एकदम पुढेमागे करायचे. कोपऱ्यात रोइंग मशीन जमिनीलगत पसरलेलं. त्यावर बसून, नसलेल्या पाण्यात नाव वल्हवायची. सगळ्यांचं काम एकच, छातीतल्या हृदयाला पळायला लावायचं आणि दम वाढवायचा. पण दुकानात येणारी माणसं हृदयाबद्दल फारसं विचारत नसत. पडदा किती मोठा आहे? गाणी लागतात का? एका गृहस्थांना तर त्यांच्या सोफ्याच्या रंगाचं यंत्र हवं होतं! यावर बसणार कोण आणि त्याला हे रोज आवडेल का, हे विचारणारं माणूस क्वचितच यायचं. मी मात्र प्रत्येकाकडे बघून मनाशी ठरवायची, हा टिकणार, हा आठवड्यात कंटाळणार.

एके दिवशी तिघं आत आले. पुढे लेक. ती दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती, त्यामुळे प्रत्येक वस्तू डोळ्यांजवळ नेऊन पाहायची. तिच्यामागे तिचे वडील, हळूहळू, दाराशीच थांबून श्वास घेत. आणि त्यांच्यामागे आई. वडील आयुष्यभर शहरातली बस चालवून नुकतेच निवृत्त झालेले, आई त्याच बसवर कंडक्टर. सगळी चाळ त्यांना ड्रायव्हरकाका आणि कंडक्टरबाई म्हणायची, म्हणून मीही तेच म्हणते. काकांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता. ते वाचले, पण हृदय अशक्त झालं. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. पुन्हा वर चढता येईल की नाही या धास्तीने ते जिना उतरायचेच बंद झाले होते. दुकानात यायला लेकीने दोन शेजाऱ्यांना हाताशी धरून त्यांना खुर्चीतून खाली आणलं होतं, आणि ते काकांना अजिबात आवडलेलं नव्हतं.

"डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलंय," लेक विक्रेत्याला म्हणाली. "हृदयाला रोज थोडी थोडी मेहनत द्यायची. नाही दिली तर ते आणखी मंदावत जाईल, आणि मग त्यांच्याही हातात काही राहणार नाही. बोला, काय घेऊ?"

विक्रेत्याने ट्रेडमिल दाखवली. सगळ्यात जास्त खपते म्हणाला. काका वर चढले. पट्टा अगदी सावकाश सुरू झाला आणि काकांनी दोन्ही हातांनी दांडी गच्च धरली.

"बंद कर रे बाबा! रस्ता मागे पळतोय आणि मी जागेवर. ब्रेक फेल झाल्यासारखं वाटतंय."

कंडक्टरबाई तोंडाला पदर लावून हसल्या. लेकीलाही आठवलं, की खालच्या मजल्यावर तान्हं बाळ आहे आणि डोक्यावर रोज धपधप झाली तर त्याची आई भांडायला येईल. मग रोइंग मशीन. त्यावर काका बसले ठीक, पण उठायला तिघं लागले. क्रॉस ट्रेनरवर त्यांचा तोल जाऊ लागला, तेव्हा बाई म्हणाल्या, "बघू बरं मला," आणि चढून अशा झोकात चालू लागल्या की विक्रेता बघतच राहिला. हलत्या बसमध्ये काही न धरता तिकिटं फाडण्यात त्यांचा जन्म गेला होता. पण व्यायाम त्यांना नव्हता करायचा.

शेवटी काका माझ्याकडे आले. आणि काय सांगू मित्रांनो, इतक्या आपुलकीने मला त्याआधी कोणी पाहिलं नव्हतं. आधी माझ्याभोवती एक फेरी मारली. सीट हलवून पाहिली. पेडलला हिसका देऊन ढिलेपणा तपासला. मग विक्रेत्याला विचारलं, "हा गोल कान कशाचा?"

"तो पिळला की पेडल जड होतं."

"म्हणजे चढ लागतो, असं म्हण की." ते बसले. सीट त्यांनी स्वतःच्या हाताने खालीवर करून गुडघ्याला बेताची केली. पाठ टेकत होती, पाय पोचत होते, पडायची भीती नव्हती. पेडलचे दोन फेरे मारून ते म्हणाले, "इंजिन चांगलं आहे."

"पण बाबा, ट्रेडमिलचा फायदा जास्त म्हणतात."

"फायदा त्यावर चढणाऱ्याला ना? मी चढणार नाही. मग तू तिच्यावर टॉवेल वाळत घालशील."

कंडक्टरबाईंनी माझ्या हँडलवर थाप मारून निकाल दिला, "हीच घ्या. हे रोज बसतील असं एवढंच यंत्र दिसतंय." दुकानात इतके दिवस मी ज्याची वाट पाहत होते तो प्रश्न अखेर कोणीतरी विचारला होता, आणि उत्तर मी निघाले होते. माझा आनंद पोटात मावेना.

घरी मला पुढच्या खोलीत खिडकीकडे तोंड करून ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी काका बसले, पाय पेडलवर ठेवले, हँडल धरलं. आणि बसूनच राहिले. मला कळेना, हे निघत का नाहीत?

मग माझ्या मागून टिंग टिंग असा आवाज आला. कंडक्टरबाई पाठीमागे स्टुलावर बसल्या होत्या आणि त्यांनी स्टीलच्या पेल्यावर चमचा दोनदा वाजवला होता. काका लगेच पेडल मारू लागले. बऱ्याच वेळाने घड्याळाकडे बघून बाईंनी एकदा टिंग केलं आणि काका थांबले. दोन घंट्या म्हणजे निघा, एक म्हणजे थांबा. बसवर हाच कायदा होता. घंटी कंडक्टरची, गाडी ड्रायव्हरची. घंटी नसेल तर गाडी हलवायची नाही, आणि घंटी नसेल तर थांबवायचीही नाही. लेक हसून हसून बेजार झाली. पण काका रोज बसत होते, त्यामुळे तिने हरकत घेतली नाही.

मला मात्र एक गोष्ट खटकायची. पेडल फिरत असताना त्या खोलीत कोणीही चकार शब्द बोलत नसे. काका समोर खिडकीबाहेर बघत, मधून मधून डावीउजवीकडे नजर टाकत. बाई मागे गप्प बसत. एकदा लेकीने जाता जाता विचारलं, "बाबा, दुपारी काय करू जेवायला?" तर बाईंनी तिला डोळ्यांनीच दटावलं. भांडले की काय हे दोघं? पण एकदा टिंग झालं की दोघांच्या गप्पा सुरू! मी विचार करकरून थकले.

दिवस चांगले चालले होते. काका आधीपेक्षा जास्त वेळ पेडल मारू लागले. शेजारी मला बघायला येत. काका माझा कान पिळून त्यांना चढ दाखवत आणि म्हणत, "गाडी एकदम फर्मास आहे." मी तर हवेतच होते. आणि या कौतुकाच्या भरात एका सकाळी कंडक्टरबाईंनी ठरवलं, की आज फेरी थोडी लांबवायची.

काका त्या दिवशी नीट झोपलेले नव्हते. तरी डबल बेल पडली तसे निघाले. थोड्या वेळाने हँडलवरचे त्यांचे तळवे थंड आणि ओले झाले. माझ्या हँडलमध्ये नाडी मोजायची पट्टी आहे, त्यावरून मला सगळं कळत होतं. पडद्यावरचा आकडा मी वाढवत होते, वाढवत होते, पण काकांची नजर रस्त्यावर, म्हणजे खिडकीबाहेर. मी पीं पीं करून ओरडले. हॉर्न ऐकून ऐकून दोघांचे कान असे निर्ढावलेले, की कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. बाईंना मागून काय दिसणार? फक्त मान. मान ताठ होती. काकांचे ओठ पांढरे पडले होते ते माझ्याशिवाय कोणालाही दिसत नव्हतं. थांबा ना हो, थांबा, मी मनातून विनवत होते. पण घंटी झाली नव्हती.

आणि मग त्यांचं कपाळ माझ्या हँडलवर येऊन टेकलं.

पेला घरंगळत गेला. बाई धावल्या, त्यांनी काकांना पाठीमागून मिठी मारली म्हणून ते खाली पडले नाहीत. खालच्या मजल्यावरची तान्ह्या बाळाची आई बाळासकट वर आली, तिनेच फोन केला. डॉक्टरीणबाई जवळच राहत, त्या तीन जिने चढून आल्या आणि आधी स्वतःच दाराला धरून उभ्या राहिल्या. तपासून म्हणाल्या, "थोडक्यात निभावलं. झटका नाही. पण ताकदीबाहेर गेलात. आता काही दिवस पूर्ण आराम, मग परत सावकाश सुरू करा."

परत सुरू करायचं नावच कंडक्टरबाईंनी काढू दिलं नाही. "ही बया आधी घराबाहेर काढा," त्या माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या. मला फार लागलं ते. भंगारवाल्याला बोलावणार होत्या, पण तीन जिने उतरवायला तो तयार होईना, म्हणून मी वाचले. मग माझ्यावर जुनी चादर पडली. चादरीवर ओले टॉवेल आले. सीटवर उशांचा ढीग. माझ्या पेडलांवर धूळ बसली आणि पोटातल्या तबकडीला गुणगुणणं म्हणजे काय ते आठवेना.

टॉवेलच्या फटीतून मला थोडं दिसायचं. काका खुर्चीत बसलेले असत. आधी ते खुर्चीतून स्वयंपाकघरात जात, मग तेही कमी झालं. पाणी आणायला उठले तरी धाप लागू लागली. लेक आईवर चिडायची, "आई, तू त्यांना जपत नाहीयेस, बसवून मारतेयस!" आई टॉवेल उचलायची, झटकायची आणि पुन्हा माझ्यावर टाकायची. डॉक्टरीणबाईंनी जे सांगितलं होतं तेच डोळ्यांसमोर होत होतं. हृदय मंदावत चाललं होतं.

लेकीने शेवटी डॉक्टरीणबाईंना पुन्हा बोलावलं. त्यांनी काकांची छाती तपासली, पायावरची सूज दाबून पाहिली आणि मग माझ्याकडे वळल्या. एकेक टॉवेल बाजूला केला.

"सायकल का बंद केली?"

"तुम्हीच बघितलंत ना काय झालं ते," बाई म्हणाल्या.

"बघितलं. पण मला एक सांगा, त्या दिवशी ते चालवत असताना काय बोलत होतात तुम्ही?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"बोलत होतो?" काका म्हणाले. "छे. चालत्या गाडीत ड्रायव्हरशी बोलायचं नसतं."

"काय?"

"पाटी असते तशी," बाई म्हणाल्या. "प्रत्येक बसमध्ये, ड्रायव्हरच्या डोक्यावर. आम्ही कधी मोडला नाही तो नियम. लग्न जमलं तेसुद्धा डेपोत, गाडी उभी असताना."

डॉक्टरीणबाईंनी आधी कपाळाला हात लावला आणि मग त्या इतक्या हसल्या की काकाही हसायला लागले. आणि मला, मित्रांनो, माझ्या कोड्याचं उत्तर मिळालं. भांडण नव्हतंच. त्यांच्या हिशेबी ते ड्युटीवर होते!

"आता माझा नियम ऐका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ही गाडी बोलत बोलतच चालवायची. चालवताना सरळ वाक्य बोलता आलं पाहिजे. वाक्य तुटायला लागलं की पेडल हलकं करायचं. उत्तरच आलं नाही तर तिथेच थांबायचं, घंटीची वाट बघायची नाही. आणि बाई, तुम्ही मागे काय बसता? पुढे बसा. तोंड दिसलं पाहिजे त्यांचं."

स्टूल माझ्यापुढे आलं. पहिल्या दिवशी तर मोठीच पंचाईत झाली.

"बोला काहीतरी," बाई म्हणाल्या.

"काय बोलू?"

"मला काय माहीत? गाडी तुमची."

असं नुसतंच चाललं. मग बाईंना एक प्रश्न सुचला आणि तो माझ्यासारख्या चौकस सायकलला फार आवडला. "इतकी वर्षं पुढे बसून तुम्ही काय बघत होतात हो? रस्ताच?"

"रस्ता... आणि आरसा."

"आरसा कशाला?"

"तू मागे उभी असायचीस ना. जोरात ब्रेक मारायची वेळ आली की आधी आरशात बघायचो, तू काही धरलंयस का ते. धरलेलं नसलं तर बेताने मारायचो."

बाईंनी इतकी वर्षं फक्त काकांची मान पाहिली होती. आपल्याला कोणी बघतंय हे त्यांच्या गावीही नव्हतं. "म्हणून मी कधी पडले नाही होय?" त्या म्हणाल्या. "मला वाटायचं माझाच तोल चांगला!"

त्या दिवसापासून गप्पांना खंड नाही. डेपोतला तो लबाड साहेब, रोज फुकट बसणारं कुत्रं, लेक लहान असताना शेवटच्या सीटवर झोपवून काढलेल्या फेऱ्या. मी कान देऊन ऐकायची आणि गुणगुणायची. काकांचं वाक्य अडखळलं की बाई पुढे वाकून माझा कान सैल करायच्या. काकांच्या पायांची सूज उतरली. मग ते एक जिना उतरले आणि चढून आले. मग दोन. दुसऱ्या जिन्यावरून परत आले त्या दिवशी लेक प्रयोगशाळेतून धावत घरी आली आणि वडिलांच्या गळ्यात पडून रडली.

पण मला सगळ्यात जास्त आठवते ती त्यानंतरची एक सकाळ. काका सावकाश पेडल मारत होते. बाई मटार सोलत समोर बसल्या होत्या. बोलता बोलता त्या थांबल्या.

"एक सांगू?"

"सांग की."

"मला फार भीती वाटते हो. तुमचं कपाळ हँडलवर टेकलं ना, तेव्हापासून. तुम्ही झोपलात की मी तुमच्या छातीवर हात ठेवून बघते. तुम्ही गेलात तर या घरात मी कोणाशी बोलू?"

काकांचं उत्तर आलं नाही.

बाईंच्या मांडीवरचे मटार खोलीभर उडाले. "थांबा! थांबा म्हणते ना, दम लागलाय तुम्हाला!" त्यांनी दोन्ही हातांनी माझं हँडल धरलं. पण मला माहीत होतं. काकांचे तळवे ऊबदार होते, नाडी बेताची होती. पाय थांबले होते आणि डोळे भरून वाहत होते.

"दम नाही लागला गं," काका म्हणाले. "मलाही तेवढीच भीती वाटते. पण असलं काही गाडी चालवताना बोलायचं नसतं, म्हणून इतके दिवस बोललो नाही."

बाईंनी स्टूल ओढून अगदी माझ्याजवळ आणलं आणि काकांचा हात हातात घेतला. त्या सकाळी पुढे व्यायाम झाला नाही. मी माझा आकडा शून्यावर आणला.

आता काका रोज संध्याकाळी तिन्ही जिने उतरून बाईंबरोबर फिरायला जातात. माझ्यावर बसणारा कुठे पोचतो, ते मला असं कळलं. मी घरीच. बाहेर दोघं काय बोलत असतील याची मला भारी चुटपुट लागते, पण इलाज नाही. माझी सीट फाटली आहे, एक पेडल कुरकुरतं, कारखान्यातल्या बाईंनी आज मला परतच पाठवलं असतं. तरी सकाळी काका माझ्यावर बसतातच.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखं कोणी आणायचं ठरलं, तर पडदा आणि रंग मागाहून बघा. ज्याला ते वापरायचंय त्याला आधी त्यावर बसवा आणि त्याचा चेहरा बघा. आणल्यावर धूळ पुसा, वेळेवर तेल द्या. टॉवेल वाळत घालायला घरात दोरी असते. आणि घरातलं कोणी पेडल मारत असेल, तर त्याच्या मागे नाही, समोर जाऊन बसा. काहीही विचारा, अगदी आज जेवायला काय, एवढं विचारलंत तरी चालेल. उत्तर आलं नाही तर बसून राहू नका. उठा आणि जवळ जा.